लष्करी आत्मकथन आणि त्यावरचा चित्रपट यांची तुलना कशी करावी

लष्करी आत्मकथनावर काढलेला चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो 'यातले खरे किती?' असा. प्रश्न स्वाभाविक आहे, पण तुलनेची सुरुवात तिथून केली तर हाती चुकांची यादी तेवढी लागते : बंदूक त्या वर्षातली नव्हती, खांद्यावरचे चिन्ह चुकले, अमुक अधिकारी त्या दिवशी तिथे नव्हताच. अशा याद्या मीही केल्या आहेत, आणि मित्रांशी वाद जिंकण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग झाल्याचे मला आठवत नाही. सैनिकाच्या एकाच अनुभवातून पुस्तकाने काय उचलले, चित्रपटाने काय उचलले आणि गोष्ट कुठे थांबवायची हे दोघांनी कसे ठरवले, हे पाहिले तर तुलनेतून काहीतरी हाती लागते. पुढील विवेचनात मुख्य उदाहरण म्हणून लेफ्टनंट जनरल हॅल मूर आणि पत्रकार जोसेफ गॅलोवे यांचे 1992 मधले व्हिएतनाम युद्धाविषयीचे पुस्तक आणि त्यावरचा 2002 चा चित्रपट घेतला आहे. इतर उदाहरणे गरजेपुरती येतील.

क्रम असा ठेवावा : आधी चित्रपट, मग पुस्तक, आणि शेवटी पुन्हा चित्रपट. पुस्तक आधी वाचले की माणूस हिशेबतपासनिसासारखा पडद्यासमोर बसतो आणि गाळलेल्या प्रत्येक प्रसंगावर मनातल्या मनात लाल खूण करत राहतो. चित्रपट आधी पाहिला, तर पटकथाकाराने आपल्याला कोणत्या भावनेपाशी नेऊन सोडले हे स्वच्छ लक्षात राहते, आणि पुस्तक वाचताना त्या भावनेला कुठे आधार आहे, कुठे नाही, हे आपोआप दिसू लागते.

पहिल्या पानाआधी दोन्ही नावे शेजारी लिहून पाहावीत. मूर आणि गॅलोवे यांच्या पुस्तकाचे नाव 'वुई वेअर सोल्जर्स वन्स... अँड यंग' असे आहे. चित्रपटाने त्यातले 'वुई वेअर सोल्जर्स' एवढेच ठेवले. गळालेल्या शब्दांत 'एकेकाळी' आहे आणि 'तरुण' आहे, म्हणजे सत्तावीस वर्षांनी मागे वळून पाहणाऱ्या माणसांचा सगळा स्वर आहे. चित्रपट त्या क्षणात राहतो, पुस्तक त्या क्षणाकडे परत जाते. आपल्याकडचे उदाहरण याहून मजेदार आहे. ब्रिगेडियर बलराम सिंह मेहता यांनी नोव्हेंबर 1971 मधल्या गरीबपूरच्या रणगाडा लढाईविषयी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'द बर्निंग चाफीज' आहे, म्हणजे ते शत्रूच्या जळणाऱ्या रणगाड्यांवरून दिलेले आहे. 2023 च्या चित्रपटाचे नाव 'पिप्पा' आहे, आणि ते तुपाच्या रिकाम्या डब्यासारखा पाण्यावर तरंगणाऱ्या आपल्या पीटी-76 रणगाड्याला जवानांनी लाडाने दिलेले नाव. (मराठीतल्या पिंपाचा हा सख्खा भाऊ वाटतो.) एका नावात डोळे समोरच्या शत्रूवर आहेत, दुसऱ्यात आपल्या माणसांवर. चित्रपटात रणभूमीच्या बरोबरीने मेहता भावंडांचे घरही एवढी जागा का घेते, याचा धागा या नावापासूनच हाती येतो.

यानंतर एक साधी पण हमखास विसरली जाणारी तपासणी करावी : पुस्तक खरोखर आधीचे आहे का? हवाई दलातल्या वैमानिक गुंजन सक्सेना यांच्यावरचा चित्रपट ऑगस्ट 2020 मध्ये आला आणि त्यांचे आत्मकथनही त्याच वर्षीचे आहे. अशा वेळी चित्रपटाला 'पुस्तकाचे रूपांतर' म्हणणे चुकीचे ठरते. एकाच आयुष्याच्या त्या दोन समांतर मांडण्या आहेत आणि तुलनाही तशीच करावी लागते.

आता वही उघडावी. संपूर्ण पुस्तक आणि संपूर्ण चित्रपट यांची तुलना करण्याच्या फंदात पडू नये. एक दिवस किंवा एक चकमक निवडावी. प्रसंग कोणत्या तारखेचा, कोणत्या जागेवरचा, तो कोणी पाहिला आणि लेखकाला तो कोणाकडून कळला, एवढ्या गोष्टी पुस्तकातून टिपाव्यात. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. आत्मकथनात 'मी' सगळीकडे असल्यासारखा वाटतो, परंतु लढाईत एका माणसाला फार थोडे दिसते. बाकीचे त्याने नंतर ऐकलेले, विचारलेले किंवा कागदपत्रांत वाचलेले असते. मूर आणि गॅलोवे दोघेही आपल्या पुस्तकातल्या लढाईत होते, तरीही त्यांनी आपल्या बरोबरच्या असंख्य सैनिकांना गाठून त्यांच्या आठवणी घेतल्या आणि पुढे व्हिएतनामला जाऊन समोरच्या बाजूचे सेनानी न्गुएन हू आन यांच्याशीही बोलले. पटकथेला अशा साक्षींचा पसारा पेलत नाही. तिला चार-पाच चेहरे हवे असतात. त्यामुळे चित्रपटाच्या रकान्यात प्रत्येक बदलापुढे तो गाळला आहे, दोन माणसे एकत्र केली आहेत, जागा वा वेळ हलवली आहे की प्रसंग नव्याने रचला आहे, हे लिहावे. या चारांत शेवटचा प्रकार डोळ्यांत भरतो, पण अर्थ बदलण्याची सर्वाधिक ताकद पहिल्यात असते.

त्यासाठी दोन्ही कृतींचा शेवट तपासावा. माझ्या मते साऱ्या तुलनेची किल्ली इथे आहे. 14 नोव्हेंबर 1965 रोजी तेव्हा लेफ्टनंट कर्नल असलेल्या मूर यांची सुमारे साडेचारशे सैनिकांची बटालियन हेलिकॉप्टरांतून व्हिएतनाममधल्या इया द्रांग खोऱ्यातल्या 'एक्स-रे' या मोकळ्या जागेवर उतरली आणि 16 तारखेपर्यंत तिथे घनघोर लढाई झाली. चित्रपटाच्या शेवटी मूर स्वतः संगिनी रोखलेल्या सैनिकांना घेऊन शत्रूच्या ठाण्यावर चढाई करतात आणि जिंकतात. ही विजयी चढाई रचलेली आहे. मात्र त्याहून मोठा बदल ती संपल्यानंतर जे दाखवले नाही त्यात आहे. 17 नोव्हेंबरला, बी-52 विमानांच्या बाँबफेकीसाठी ती जागा रिकामी करून निघालेली दुसरी बटालियन 'अल्बनी' नावाच्या मोकळ्या जागेकडे पायी जात असताना उंच गवतात लांबलचक रांगेत पकडली गेली आणि एका दुपारी तिचे दीडशेहून अधिक सैनिक ठार झाले. एक्स-रेच्या तीन दिवसांत 79 अमेरिकन मारले गेले होते. चार दिवसांची बेरीज पुस्तक 234 देते. म्हणजे मृतांपैकी बहुसंख्य चित्रपट संपल्यावर पडले. पुस्तकाने अल्बनीला स्वतंत्र भाग दिला आहे, आणि तो वाचल्यावर आधीचा विजयही विजय म्हणून वाचता येत नाही. दोनशे पानांमागे वाचलेले एक्स-रे तेच राहते, पण त्याचा अर्थ बदलतो. म्हणून पुस्तकात चित्रपट जिथे संपतो त्या पानावर खूण करावी आणि पुढची पाने वेगळी मोजावीत. त्या पानांत काय आहे हे एका परिच्छेदात लिहून काढले की निम्मी तुलना झालीच.

याच्या उलट दिशेने, पुस्तकातल्या एखाद्या ओळीचा चित्रपटात डोंगर झाला आहे का, हेही शोधावे. इराकमध्ये लढलेले अमेरिकन नौदलातले नेमबाज ख्रिस काइल यांच्या 'अमेरिकन स्नायपर' या 2012 च्या आत्मकथनात मुस्तफा नावाच्या शत्रूपक्षाच्या नेमबाजाचा उल्लेख ओझरता आहे. लेखकाने त्याला कधी पाहिलेही नव्हते. क्लिंट ईस्टवुड यांच्या चित्रपटात मात्र तो खलनायक म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वावरतो, आणि 2008 मध्ये बगदादमधल्या सद्र सिटीजवळ रॉकेट लाँचरधारी माणसावर सुमारे 1900 मीटरवरून झाडलेली गोळी चित्रपटात त्याला लागते. चित्रपटाच्या आरंभी आई आणि मुलगा या दोघांवर गोळ्या झाडल्या जातात. पुस्तकात तिथे एकटी बाई आहे. इथे 'खोटे दाखवले' म्हणून थांबू नये. आत्मकथनातले युद्ध एकामागून एक येणाऱ्या चेहरा नसलेल्या दिवसांचे असते आणि दोन तासांच्या कथेला मात्र प्रतिस्पर्धी लागतो; त्या प्रतिस्पर्ध्यामुळे इराकमधली लढाई दोन माणसांमधले वैर कशी होऊन बसते, याची नोंद करावी.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. जे फिल्मी वाटते ते सगळे रचलेले नसते. मूर यांच्या चित्रपटात सैनिकांच्या मृत्यूच्या तारा टॅक्सीवाले घरोघर पोहोचवताना दिसतात आणि प्रेक्षकाला वाटते की डोळ्यांत पाणी आणण्यासाठी दिग्दर्शकाने हे घातले असावे. ती त्या वेळची खरी, आणि निर्दयी, व्यवस्था होती.

आतापर्यंत आपण पुस्तकाला मोजपट्टी मानले. तेवढ्यावर थांबणाऱ्याची तुलना लंगडी राहते, कारण आत्मकथन हीही एक मांडणी आहे आणि तिच्यामागे बहुधा सहलेखक किंवा संपादक उभा असतो. मराठी वाचकाला हे नवे नाही. 1857 च्या धामधुमीचे साक्षीदार असलेले विष्णुभट गोडसे सैनिक नव्हते, पण त्यांचा 'माझा प्रवास' 1907 मध्ये चिंतामणराव वैद्यांच्या हातून संस्कारित होऊनच छापला गेला आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांपर्यंत यायला पुढे अनेक दशके लागली. म्हणून तिसरा पाय हवा : पदकाचे प्रशस्तिपत्र, रेजिमेंटचा इतिहास, त्याच तुकडीतल्या दुसऱ्या कोणाची आठवण. काइल यांच्या पुस्तकात दोन सिल्व्हर स्टार आणि पाच ब्रॉन्झ स्टार ही पदके सांगितली आहेत. अमेरिकन नौदलाने 2016 मध्ये नोंदी तपासून ते आकडे एक आणि चार असे दुरुस्त केले. 2005 मध्ये अफगाणिस्तानात झालेल्या 'रेड विंग्ज' मोहिमेतून वाचलेल्या मार्कस लट्रेल यांच्या आत्मकथनातला हल्लेखोरांचा आकडा, त्याच चकमकीत मरण पावलेल्या लेफ्टनंट मायकेल मर्फी यांच्या प्रशस्तिपत्रातल्या तीस ते चाळीस या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. गुंजन सक्सेना यांच्या चित्रपटावर हवाई दलाने सेन्सॉर मंडळाला पत्र लिहून आक्षेप घेतला, आणि उधमपूरला त्यांच्याबरोबरच रुजू झालेल्या दुसऱ्या महिला वैमानिकाने, तिथे एकच महिला अधिकारी होती असे दाखवणे चुकीचे असल्याचे जाहीरपणे सांगितले. अर्थात तिसरा पायही निर्दोष नसतो, कारण सरकारी कागद आपल्या सोयीने लिहिला जातो. तिन्हींपैकी एकाला न्यायाधीश करू नये. तिघांचे कुठे जुळते आणि कुठे फाटते, तेवढे नोंदवावे.

आता चित्रपट पुन्हा पाहावा, आणि या वेळी पुस्तकात असलेले पण पडद्यावर नसलेले चेहरे शोधावेत. मूर आणि गॅलोवे यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर संगीन लावलेली रायफल घेऊन पुढे झुकलेल्या, दाढी वाढलेल्या एका तरुण अधिकाऱ्याचे छायाचित्र आहे. ते रिक रेस्कोर्ला, एक्स-रे आणि अल्बनी या दोन्ही ठिकाणी लढलेले. पुढे ते न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या एका कंपनीचे सुरक्षाप्रमुख झाले आणि 11 सप्टेंबर 2001 रोजी लोकांना बाहेर काढताना मरण पावले. त्यानंतर सहा महिन्यांनी चित्रपट प्रदर्शित झाला, आणि त्यात रेस्कोर्ला या नावाचे पात्र नाही.