गाडी एक, चालवणारे चार: सोलापूरकरांनो, या चुका टाळा

सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, दहाला वहिनींना होटगी रोडला, दुपारी आजोबांना डॉक्टरकडे, संध्याकाळी मार्केट यार्डातून किराणा. गाडी एक, किल्ली खुंटीला आणि चालवणारे चौघं. अशा घरातली गाडी अचानक बंद पडत नाही. आठ-पंधरा दिवस आधीपासून ती सांगत असते. सकाळी सेल्फ जड लागतो, टेंपरेचरचा काटा जरा वर चढतो, डावीकडे ओढते. पण सकाळी ज्याला हे कळलं, त्यानं संध्याकाळी चालवणाऱ्याला सांगितलेलं नसतं. मग गाडी नेमकी तुळजापूरला निघायच्या दिवशी बसते आणि सगळे म्हणतात, "काल तर चांगली होती की ओ!"

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी

सगळ्यात महाग चूक हीच, आणि दर उन्हाळ्यात तीच. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी बोअर. बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या चपट्या बारीक नळ्यांत आतून बसतो. वरून बघणाऱ्याला कूलंटचा डबा भरलेला दिसतो, आत निम्म्या नळ्या चोंदलेल्या असतात. शिवाय कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरमध्ये भरतात त्या द्रवात, गंज रोखणारी रसायनं आणि उकळायचा बिंदू वर नेणारं ग्लायकॉल असतं. दर आठवड्याला अर्धा लिटर साधं पाणी ओतत राहिलं की दोन-तीन महिन्यांत आत उरतं ते फक्त रंगाचं पाणी.

जुळे सोलापुरातल्या एका घरात असंच झालं. डब्यातली पातळी खालच्या रेघेखाली दिसली की थोरला मुलगा तांब्याभर पाणी टाकायचा. अप्पाही टाकायचे. सुट्टीला आलेल्या जावईबापूंनीही टाकलं. तिघांना एकमेकांचं माहीत नाही, त्यामुळे महिन्याला किती पाणी चाललंय हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मे महिन्यात गाडीत सहा जण, एसी चालू, तुळजापूरचा घाट. काटा चढला. "देऊळ आलंच आता" म्हणत तशीच रेटली. वाफ निघाल्यावर थांबले आणि टॉवेल धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की क्षणात उकळून अंगावर येतं. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. वर घाईघाईत बाटलीतलं गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतलं. दुसऱ्या दिवशी ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा पांढरा थर. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलेलं, त्याखालचं गॅस्केट उडालेलं, हेड घासून सपाट करण्यासकट (फेसिंग) सगळं काम. मूळ गळती कुठे होती? रेडिएटरच्या खालच्या होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, क्लिपपाशी. ती क्लिप शंभर रुपयांच्या आत येते.

कूलंटचं चक्र बंदिस्त असतं. पातळी महिन्यात दोनदा खाली गेली तर पाणी टाकणं हा उपाय नाही, गळती शोधणं हा उपाय. होजच्या क्लिपा बघा, वॉटर पंपाखाली वाळलेले ओघळ बघा, झाकणाचं रबर कडक झालंय का बघा. पुढच्या सीटसमोर पायाखालचं कार्पेट चिकट, गोडसर वासाचं ओलं असेल तर हीटरचा कोअर, म्हणजे गाडीच्या आत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर, गळतोय.

भरायचं काय? कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रण असेल तर त्यात थेंबभरही पाणी नको. बाटलीवर लिहिलेलं असतं, वाचा. हिरवं की गुलाबी हे रंगावर ठरवू नका, गाडीच्या पुस्तकात जो प्रकार सांगितलाय तोच घ्या. छोट्या गाडीत सगळं मिळून साडेतीन ते पाच लिटर बसतं.

वाटेत काटा चढला तर आधी एसी बंद करा, मग हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा मोठा. मे महिन्यात हे वेडेपणाचं वाटतं, पण इंजिनाची उष्णता त्या वाटेनं बाहेर पडते. दोन मिनिटांत काटा उतरला नाही, किंवा वाफ दिसली, तर कडेला घ्या आणि इंजिन बंद. मग पाऊण तास ते तासभर थांबायचं. वरचा जाड होज हाताला सोसेल इतका गार आणि दाबून मऊ लागला, तरच झाकणाला हात लावा. ज्याला तासभर धीर धरवत नाही त्यानं घाटात गाडी घेऊन जाऊ नये, असं माझं सरळ मत आहे. हायवेवर अडकलात तर 1033 हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक लावा.

आणि एक खास आपल्याकडचा शॉर्टकट: "गाडी तापते? वॉल्व काढून टाकू." हा वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा. तो काढला की इंजिन नीट गरमच होत नाही, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते, आणि चोंदलेला रेडिएटर चोंदलेलाच राहतो. खराब असेल तर नवा बसवून घ्या. त्याआधी एसी लावून बॉनेट उघडा. रेडिएटरचा पंखा मिनिटभरात फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर, याच क्रमानं तपासा.

बॅटरी: पोरांना ओरडू नका, आधी मीटर लावा

छताचा दिवा रात्रभर राहिला म्हणून पोरांवर खापर फुटतं. हिशेब करा. पाच वॅटचा दिवा साधारण 0.4 अँपिअर घेतो, दहा तासांत चार अँपिअर-तास. पस्तीस अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी एवढ्यानं उतरत नाही. एका रात्रीत उतरली, तर ती आधीच म्हातारी होती. आपल्या उन्हात बॅटरी तीन-चार वर्षं चालली तर खूप झालं.

तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घरात ठेवा. सकाळी, गाडी चालू करायच्या आधी: 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. चालू गाडीवर 13.8 ते 14.5 यायला हवेत. चालू असूनही साडेबाराच दाखवत असेल तर दोष अल्टरनेटरकडे, म्हणजे चालू गाडीत बॅटरी भरणाऱ्या यंत्राकडे, आहे. नवी बॅटरी बसवली तरी दोन दिवसांत तीही बसेल. घाईघाईत नवी बॅटरी घेणारे इथेच फसतात.

सेल्फ मारल्यावर नुसतं खट्-खट् होतंय, तर आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर 10 नंबरचा पाना घ्या, निगेटिव्ह आधी सोडा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा, जुना टूथब्रश. पुसून, वाळवून, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी लावा, वर व्हॅसलिनचं बोट फिरवा.

शेजाऱ्यांच्या गाडीवरून करंट घ्यायचा असेल तर जंपर केबलचा लाल चिमटा आधी आपल्या पॉझिटिव्हला, मग त्यांच्या. काळा त्यांच्या निगेटिव्हला, आणि दुसरं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीला नाही. शेवटची ठिणगी बॅटरीजवळ उडू नये म्हणून हे. काढताना उलट क्रम. ऑटोमॅटिकला धक्का मारू नका. सुरूच होत नाही.

बाकीचं थोडक्यात

उन्हाळा आहे म्हणून टायरमधली हवा कमी ठेवायची, हे कुणी सुरू केलं देव जाणे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, म्हणून जास्त तापतो आणि फुटतो. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या स्टिकरवर असतो. गार टायरवर तपासा.

स्टेपनीत दोन-चार पॉइंट जास्तच ठेवा. टायरवरच्या DOT कोडचे शेवटचे चार अंकही वाचा: 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला.

चाक बदलताना नट गाडी जॅकवर चढवण्याआधी सैल करायचे. नंतर नाही.

एसी लावल्यावर खाली टपकणारं स्वच्छ पाणी ही गळती नव्हे. रंगीत किंवा बोटाला बुळबुळीत लागलं तर काळजी करा.

शेंगदाण्याची पुडी, बिस्किटं गाडीत ठेवली की उंदीर येतोच, आणि वायरिंग कुरतडतो. डांबरगोळ्यांवर विसंबू नका. गाडी दोन दिवस उभी असेल तर बॉनेट उघडून डोकावा.

राहता राहिलं कोण बघणार हे. घरातल्या एकाच माणसाकडे हे काम द्या, चौघांकडे नको. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना पाच मिनिटं: ऑइलची कांडी, कूलंटची रेघ, चार टायर, व्होल्ट. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलं "गाडी जरा तापते" सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं. ग्लोव्ह बॉक्समध्ये छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय जाणवलं, काय टाकलं आणि कुणी. सोबत पेन्सिल ठेवा. मे महिन्यात तिथं ठेवलेल्या बॉलपेनची शाई गळून वहीभर पसरते.