पाडकामाआधी जमिनीखाली काय उरलंय ते कसं काढायचं

जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली की माझ्याकडे येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "इथे काही सापडेल का हो?" वीस-बावीस वर्षं शहरातल्या जागांचे पुरातत्त्वीय अहवाल लिहितेय, पण या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही. माणसं शेकडो वर्षं एकाच जागी राहिली की खाली काहीतरी साचतंच. मला हिशोब दोनच गोष्टींचा करायचा असतो: आजवरच्या खोदकामांनी त्यातलं किती खाल्लं, आणि नवी इमारत उरलेल्यातलं किती खाणार.

हे मी शहाणपणाने शिकले असं नाही. एका बंद पडलेल्या छापखान्याची जागा होती. जुन्या नोंदीत "तळघर" असा शब्द होता, मी तो वाचला आणि अहवालात लिहून टाकलं की तळघरामुळे जुन्या वस्तीचे थर नष्ट झालेले आहेत. तळघर होतं, पण फक्त पुढच्या अर्ध्या भागाखाली. मागे, जिथे कागदाची गोदामं होती, तिथे फरशीखाली दीड हात गेलं की जुन्या वस्तीची माती अखंड होती. पाडकामवाल्याच्या मशीनने एक बुजवलेली विहीर अर्धी कापली, चामड्याच्या चपलांचे तळवे वर आले, आणि काम थांबलं. दोष मशीनवाल्याचा नव्हता. त्याला माझा कागद दाखवला गेला होता.

सुरुवात नव्या इमारतीपासून करा

बहुतेक जण आधी जुने नकाशे उघडतात. मी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पायाचं ड्रॉइंग मागते. पाइल (जमिनीत खोल घातलेले खांब) आहेत की राफ्ट (इमारतीखाली सलग काँक्रीटचा थर), पार्किंगचे किती मजले जमिनीखाली, लिफ्टचा खड्डा कुठे, पाण्याची टाकी किती खोल, ड्रेनेजची लाइन कुठून जाणार. क्रेनच्या तात्पुरत्या पायासाठीही खणतात, आणि ते ड्रॉइंगवर कधीच नसतं. सगळ्यात घातक काम तर वेगळंच असतं, जुने पाये उपटून काढणं. नवा पाया जितकी माती हलवत नाही तितकी जुना पाया उखडताना हलते. म्हणून विचारा, जुने पाये जागेवर ठेवणार की काढणार?

हे ड्रॉइंग पेन्सिलीत असतानाच मिळालं पाहिजे. परवानगी मिळाल्यावर हातात आलं तर तुमचा अहवाल फाइलला लावण्यापुरता उरतो.

नकाशे

सापडतील तितके जुने नकाशे एका मापावर आणून एकावर एक ठेवा. जुळवायला न हललेले बिंदू लागतात: प्रार्थनास्थळाचा कोपरा, दोन रस्त्यांची भेट, जुन्या मिळकतीची हद्द. हद्दी फार चिवट असतात, घरं चारदा पडून उभी राहतात पण दोन मिळकतींमधली रेघ तशीच असते. जुळवणीत दोन-चार मीटरचा फरक राहणारच, तो लपवू नका, नकाशावर लिहा.

अग्निविम्यासाठी काढलेले नकाशे मिळाले तर सोनंच. विमा कंपनीला आगीचा धोका मोजायचा असे, त्यामुळे त्या नकाशांत विटेची इमारत एका रंगात, लाकडाची दुसऱ्या, आणि अनेकदा तळघराचीही खूण असते. पण माझा खरा आवडता कागद म्हणजे ड्रेनेजच्या परवानगीची जुनी फाइल. कंटाळवाणी, धुळीने भरलेली, आणि तिच्यात सेक्शन असतात, म्हणजे जमीन उभी कापल्यासारखी दाखवणारी चित्रं, खोलीच्या आकड्यांसकट.

नकाशांवरून किती जवळ जाता येतं त्याचं उदाहरण लेस्टरचं. इंग्लंडमधल्या या शहरात फ्रान्सिस्कन मठ कुठे होता याचा अंदाज जुने नकाशे जुळवून बांधला गेला होता, आणि ती जागा आता पार्किंगखाली होती. २५ ऑगस्ट २०१२ रोजी, उत्खननाच्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच चरात एका माणसाच्या पायांची हाडं दिसली. तो इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड निघाला. सांगाड्याला पावलं नव्हती, बहुधा नंतरच्या कुठल्यातरी बांधकामात ती गेली. मला त्या गोष्टीत राजापेक्षा ती गेलेली पावलं जास्त महत्त्वाची वाटतात. शहरातले अवशेष असेच भेटतात, कडेने कुरतडलेले.

आजूबाजूला पूर्वी काय सापडलं याच्या नोंदीही काढा. फक्त एक लक्षात ठेवा, की नकाशावर ठिपका नसणं म्हणजे तिथे काही नाही असं नसतं. बरेचदा तिथे कुणी बघितलेलंच नसतं.

पायी फिरा

यात फार सांगण्यासारखं नाही, पण लोक हेच टाळतात. जुन्या इमारतीत शिरताना पायऱ्या खाली उतरतात का? उतरत असतील तर रस्ता भराव पडून वर आलाय. फुटपाथच्या कडेला लोखंडी जाळ्या दिसल्या तर खाली तळघराचे झरोके आहेत. सरळ रस्ता मध्येच उगाच वाकतो तिथे कधीकाळी भिंत, खंदक किंवा ओढा असू शकतो. आणि इमारतीची देखभाल करणारा जुना माणूस गाठा. पावसाळ्यात कुठे पाणी भरतं, कुठे फरशी सारखी खचते, हे त्याला पाठ असतं. सारखी खचणारी फरशी म्हणजे खाली बुजवलेला खड्डा, बऱ्याचदा विहीर किंवा शौचकूप. आमच्यासाठी शौचकूप म्हणजे खजिना, कारण घरातलं फुटकं-तुटकं सगळं तिथे गेलेलं असतं.

बोअर लॉग: इथे वेळ घाला

पाया कसा घ्यायचा हे ठरवण्यासाठी माती-परीक्षण होतंच. त्यासाठी जमिनीत बोअर, म्हणजे खोल भोकं, मारतात; किती खोलीवर काय लागलं याच्या नोंदी, म्हणजे लॉग, इंजिनिअरसाठी लिहिलेल्या असतात, आणि त्याला एकच कळून घ्यायचं असतं, भार कुठे पेलेल. वरचं सगळं तो "भराव" या एका शब्दात गुंडाळतो. एक नमुना बघा:

० ते ०.३० मीटर काँक्रीट. ०.३० ते २.१० भराव, विटांचे तुकडे, राख. २.१० ते ३.४० काळपट मऊ चिकणमाती, सेंद्रिय, वास. ३.४० पासून पिवळसर रेव.

इंजिनिअर तिसऱ्या ओळीवर वैतागतो, कारण त्या मातीला ताकद नाही. मी तिथेच थांबते. ओली, काळी, वास मारणारी माती म्हणजे आत प्राणवायू पोचलेला नाही, आणि तो नसला की लाकूड, चामडं, दोर, बिया कुजवणारे जिवाणू फारसे काम करू शकत नाहीत. लंडनमध्ये वॉलब्रुक नावाच्या बुजलेल्या ओढ्याच्या काठी ब्लूमबर्ग कंपनीची इमारत होताना अशाच ओल्या थरांतून रोमन काळातल्या ४०० हून जास्त लाकडी लेखनपाट्या निघाल्या. त्यातल्या एकीवर इसवी सन ५७ मधल्या ८ जानेवारीची तारीख आहे. कोरड्या मातीत त्यातली एकही टिकली नसती.

म्हणून माझी एक अट असते: बोअर मारताना मला शेजारी उभं राहू द्या. वेगळी भोकं नकोत, वेगळा खर्च नको, तेच नमुने मी फक्त उघडून बघते. नळीतून निघालेला मातीचा दंडगोल सुरीने उभा चिरायचा. सडक्या अंड्यासारखा वास येतो. चिरलेली बाजू आधी हिरवट-तपकिरी असते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत काळवंडत जाते. कधी पांढुरके ठिपके दिसतात आणि बघता बघता निळे होतात, अगदी नीळ सांडल्यासारखे. ते व्हिव्हिअनाइट, लोह-फॉस्फेटचं खनिज. हाडं, शेण, मैला अशा गोष्टी ओल्या मातीत पुरल्या गेल्या की ते तयार होतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं ड्रिलवाल्याने रंग सांडला.

सगळं एकाच पातळीत मांडा

खोली "जमिनीपासून" मोजलेली असेल तर ती फसवते, कारण जमीन सगळीकडे सारखी नसते. प्रत्येक आकडा एकाच बेंचमार्कवर, म्हणजे उंची मोजायच्या एका ठरलेल्या खुणेवर आणा. समजा रस्ता १२.४० मीटरवर आहे. तळघराची फरशी ९.६०, तिच्या खालच्या थरासकट काँक्रीट ९.२० पर्यंत. बोअरमध्ये मूळ रेव, म्हणजे वस्तीच्या आधीची जमीन, ७.८० ला लागली. म्हणजे तळघराखालीसुद्धा १.४० मीटर जुने थर शिल्लक आहेत. आता नव्या पार्किंगसाठी ८.५० पर्यंत खणणार असतील तर ०.७० मीटर जाणार आणि ०.७० राहणार. पण लिफ्टचा खड्डा ७.०० पर्यंत जात असेल तर तेवढ्या चौकोनात सगळं संपलं. हा सेक्शन हाताने, पेन्सिलीने काढला तरी चालतो. अहवालातली चाळीस पानं कुणी वाचत नाही, पण हा एक सेक्शन बिल्डरपासून सरकारी अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळतो.

भरावाची जाडी किती गोष्ट बदलते ते न्यूयॉर्कमध्ये दिसलं. मॅनहॅटनमध्ये संघीय सरकारची इमारत व्हायची होती. १७५५ च्या नकाशावर तिथे कृष्णवर्णीयांचं दफनस्थान स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी अंदाज असा बांधला गेला की नंतरच्या इमारतींच्या तळघरांनी बहुतेक कबरी नष्ट केल्या असतील. पण ती जमीन मुळात सखल, शहर वाढताना तिच्यावर भर घातलेली, कुठे कुठे २० फुटांच्या आसपास. काही तळघरं भरावातच संपली होती. १९९१ मध्ये खोदायला लागल्यावर खाली ४०० हून जास्त माणसं सापडली. लोक रस्त्यावर आले, १९९२ मध्ये उत्खनन थांबवावं लागलं, आराखड्याचा काही भाग सोडून द्यावा लागला, २००३ मध्ये ४१९ जणांचे अवशेष पुन्हा पुरले गेले, आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. माझ्या छापखान्याचीच चूक, कितीतरी मोठी.

दफनाची नुसती शंका असली तरी पहिल्या बैठकीतच ती बोला, आणि ज्यांची ती माणसं असू शकतील त्या समाजालाही बोलवा.

यंत्रं आणि चाचणी खड्डे

भू-रडार, म्हणजे जमिनीत लहरी सोडून खालचं चित्र काढणारं यंत्र, शहरात कधी चालतं, कधी नाही. ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी विरून जातात, आणि वर लोखंडी जाळीचं काँक्रीट असेल तर खालचं चित्र वाचता येत नाही. चुंबकीय सर्वेक्षण पाइप, केबल आणि गाड्यांमध्ये निकामीच. मी रडार वापरते ते पोकळ्या आणि दबलेल्या भिंती शोधायला, थरांसाठी नाही.

खड्डे घ्यायचे ते प्रश्न सुटेल तिथे, मशीन सहज पोचेल तिथे नव्हेत. तळघराच्या कडेवर एक, बोअरमध्ये काळी माती लागली तिथे एक, आणि नकाशांवर कायम रिकामं दिसणाऱ्या मागच्या अंगणात एक. इमारत फरशीपर्यंतच पाडायची, फरशी आणि पाये जागेवर ठेवायचे, हे पाडकामाच्या करारात शब्दशः घाला. सव्वा मीटरपेक्षा खोल खड्ड्यात बाजूंना आधार दिल्याशिवाय मी कुणालाही उतरू देत नाही, स्वतःही उतरत नाही. खड्डा मूळ मातीपर्यंत जाऊ द्या, निदान एका कोपऱ्यात तरी. अर्ध्यावर थांबलेला खड्डा फक्त वरच्या थराची बातमी देतो.

लिहायचं कसं

"शक्यता: मध्यम" हा शब्दप्रयोग मी सोडून दिलाय. त्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. तीन गोष्टी वेगळ्या लिहा: काही असण्याची शक्यता, ते कोणत्या स्थितीत असेल, आणि त्याचं मोल किती. आणि जिथे बघता आलं नाही तिथे "बघता आलं नाही" असंच लिहा.

पाइलबद्दलही स्पष्ट बोला. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरासाठी झालेल्या अभ्यासातून एक मोजमाप रूढ झालं, की नव्या पायाने जागेवरच्या थरांचं पाच टक्क्यांहून जास्त नुकसान करू नये. ऐकायला सोपं आहे. पण पाइल दाट असले तर उरलेले पंच्याण्णव टक्के बेटांसारखे तुटक उरतात, आणि पुढे कुणी खोदलंच तर एका बेटातला थर दुसऱ्या बेटाशी जोडता येत नाही. शिवाय बांधकामात भूजल उपसलं की ओले थर सुकतात. लाकूड जागेवर राहून कुजतं, आणि आपण कागदावर त्याला "जतन" म्हणतो.

छापखान्यानंतर काही वर्षांनी तशीच एक जागा आली, पुढे तळघर, मागे अंगण. या वेळी सेक्शन घेऊन मी इंजिनिअरसमोर बसले. त्याची लिफ्ट आणि पाण्याची टाकी, दोन्ही मागच्या अंगणात होती, बोअरमधल्या काळ्या मातीच्या बरोबर वर. मी विचारलं, ही पुढे तळघराच्या पोटात नेली तर? तिथे सगळं आधीच खाल्लेलं आहे. तो पाचेक मिनिटं काही बोलला नाही, मग खोडरबर शोधायला लागला.