टेप लावण्याआधी

जुन्या हँडीकॅमच्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून घेताना पहिली गोष्ट, हँडीकॅम कुलरसमोर ठेवू नका. परभणीच्या मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, पण त्या ओल्या हवेनं आतल्या गोल ड्रमवर दमटपणा धरतो आणि टेप त्याला चिकटते. पडद्यावर थेंबाची खूण दिसली तर कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवा आणि तासभर तरी हात लावू नका. कॅमेरा आणि कॅसेटी आदल्या रात्रीच एका कोरड्या खोलीत आणून ठेवलेल्या बऱ्या.

वर्षानुवर्षं लोखंडी कपाटात पडलेली मिनी डीव्ही (हँडीकॅमची छोटी डिजिटल) कॅसेट लगेच प्ले करू नका. आधी शेवटपर्यंत पुढे, मग पूर्ण मागे घ्या, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. कॅमेरा अडॅप्टरवर आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर हवा. लाईट कधी जाईल याचा आपल्याकडं नेम नाही.

आता खरी मेख. चित्रात चौकोन उठले की सगळे कॉम्प्युटरला शिव्या घालतात. आधी कॅमेऱ्याच्याच छोट्या पडद्यावर बघा. तिथंही चौकोन असतील तर दोष टेपचा किंवा हेडचा, म्हणजे ड्रमवरच्या टेप वाचणाऱ्या भागाचा. तिथं चित्र स्वच्छ असेल तरच वायर, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर यांच्या मागं लागा. मी मामाच्या लग्नाच्या टेपवर हे न बघता दोन दिवस कॉम्प्युटरचे ड्रायव्हर सॉफ्टवेअर बदलत बसलो होतो. अक्षता पडतात तिथं चित्र आडव्या पट्ट्यांनी कापलेलं, एक पट्टी चालती, एक थिजलेली. पट्टीआड पट्टी दिसली की समजायचं, दोनपैकी एक हेड धुळीनं बंद आहे. पॅल या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीत एका चित्राचे टेपवर 12 ट्रॅक, म्हणजे पट्टे, असतात आणि दोन हेड ते आळीपाळीनं वाचतात, म्हणून अर्धं चित्र जातं. कोरडी क्लीनिंग कॅसेट साधारण 10 सेकंद चालवा आणि ती रिवाइंड करू नका. सारखी सारखीही नको, हेड झिजतं.

वायर फायरवायरची, म्हणजे टेपवरचा व्हिडिओ कॉम्प्युटरकडं नेणारी, हवी, कॅमेऱ्याकडं 4 पिनची, आणि लावताना कॅमेरा बंद. बऱ्याच हँडीकॅमचं यूएसबी फक्त फोटोसाठी असतं. यूएसबीला जोडायची स्वस्त फायरवायर वायर बाजारात मिळते, ती घेऊ नका, पैसे पाण्यात. हार्ड डिस्कवर तासाला 13 जीबी जागा लागते. एफएटी 32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या डिस्कवर फाइल 4 जीबीला अडते, म्हणजे वीस मिनिटांच्या आतच. कॅप्चर, म्हणजे टेप उतरवणं, चालू असताना दुसरं काही उघडायचं नाही.

एलपीवर, म्हणजे टेप हळू चालवून जास्त वेळ, भरलेली टेप असेल तर ज्या कॅमेऱ्यानं शूटिंग केलं तोच शोधा. पाहुण्यांकडं विचारा, कुणाच्या तरी माळ्यावर निघतो. दुसऱ्या कॅमेऱ्यात ती बहुतेक वेळा अडखळते. आणि हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसले तर घाबरू नका, तो इंटरलेसचा, म्हणजे चित्र एकाआड एक ओळींनी घेण्याच्या पद्धतीचा, स्वभाव आहे, बिघाड नाही.

खराब तुकडा दोनदा घ्या. चौकोन दरवेळी वेगळ्या जागी आले तर टेपवरचं चित्र शाबूत असण्याची आशा आहे, हेड पुसून परत लावा. मामाच्या टेपवर एवढं करूनही अंतरपाट दूर होतानाची तीन सेकंदं नीट आली नाहीत. तेवढी तशीच ठेवली.