वहीच्या पैशातून पुढची वही

हाताने शिवलेल्या वह्या विकायच्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘भांडवल किती?’ एक रीम कागद, थोडे पुठ्ठे, सुती दोरा, सुई, दाभण, मेणाचा तुकडा आणि फेव्हिकॉल. मी पुण्यात नोकरी सांभाळून रात्री जेवणाची भांडी आवरली की याच सामानावर बसते. कर्ज नाही, घरखर्चाच्या खात्याला हात नाही. पहिली रीम पदरच्या पैशाची, दुसरी पहिलीच्या विक्रीतून. विक्री झाली नाही तर दुसरी रीम नाही. त्यासाठी बचत खातं वेगळं काढा आणि विक्रीचा क्यूआर कोड त्याच खात्याचा ठेवा, म्हणजे भाजीच्या पैशात वहीचे पैसे मिसळणार नाहीत.

कागद घेताना घाई नको. ए-४ कागद मधोमध दुमडला की ए-५ वही होते. चार कागद एकात एक दुमडून शिवायचा गठ्ठा म्हणजे एक जुज, त्याची १६ पृष्ठं. दहा जुजांची वही १६० पृष्ठांची, म्हणजे ४० कागद. ५०० कागदांच्या रीममधून १२ वह्या निघतात, २० कागद खराबीला उरतात. पण बाजारातल्या तयार ए-४ रीममध्ये ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, बहुधा लांब बाजूने असतो. दुमडल्यावर तो पाठीला आडवा पडतो आणि वही सपाट उघडत नाही, पानं ताठ उभी राहतात. गिऱ्हाईक कारण सांगू शकत नाही, पण पुन्हा येत नाही. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूला सहज वाकतो, त्या घडीच्या रेषेत ग्रेन असतो. मोठे ताव घेऊन दुकानदाराकडूनच हवे तसे कापून घेतले की प्रश्न मिटतो. कव्हर आणि अस्तरासाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत चक्कर मारा. ती १९४० सालापासूनची आहे. चिंध्यांपासून केलेला कागद हातात घेतल्यावर किंमत सांगताना आपलाच आवाज चढतो!

कटिंग मशीन किंवा वह्या दाबायचा प्रेस विकत घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. दोन प्लायच्या फळ्या आणि वर विटा, एवढा दाब पुरतो. कडा छाटायला जवळच्या बाइंडरकडे डझनभर वह्या एकदम न्या. दर ठरवला की तो करून देतो.

आता किंमत. समजा साहित्य आणि छाट मिळून ११० रुपये, आणि एका वहीला अडीच तास. तासाचे १०० धरले तर ३६०. दुकान ३० टक्के कापणार असेल तर किंमत ५१५च्या आसपास जाते. म्हणून एकेक वही पूर्ण करू नका. एका रात्री फक्त दुमडा, दुसऱ्या रात्री फक्त शिवा, मग सगळ्यांना एकदम खळ लावा. वहीमागे वेळ दीड तासावर आला की तीच वही ३७५ला परवडते. शाळेच्या वहीच्या भावाशी झुंजायला जाऊ नका. ते गिऱ्हाईक आपलं नाही.

दिवाळीआधी एखादी कंपनी शंभर डायऱ्या मागेल. आनंद होईल, पण आधी निम्मे पैसे घ्या, कागद त्याच पैशातून येऊ द्या. ‘साठ दिवसांनी बिल काढू’ म्हणणाऱ्यांसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, आधारवर होते. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, खरेदीदाराला ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, असा कायदा आहे. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की हिशेबखात्याचा सूर बदलतो. जीएसटी राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाला ४० लाखांपर्यंत आड येत नाही. परराज्यात पाठवायचं असेल तर आधी सीएला विचारा.

नात्यागोत्यातले फुकट मागणारच. मामेबहीण असो की शेजारच्या काकू, पूर्ण वहीचे पैसे घ्या. छाटणीत उरलेल्या पट्ट्यांच्या खिशातल्या वह्या होतात, भेट द्यायच्या त्या द्या.