गुरूचे चंद्र दिसत नाहीत? आधी या चुका टाळा

दिवाळीच्या सुमारास बेळगाव-खानापूरकडं आभाळ निवळलं की नव्या दुर्बिणी गच्चीवर चढतात, आणि बऱ्याचशा आठवडाभरात परत खोक्यात जातात. दोष दुर्बिणीचा क्वचितच असतो.

सगळ्यात नडते ती ‘पॉवर’ची हाव. खोक्यावर 500 पट, 600 पट छापलेलं असतं, पण 70 मिलिमीटरच्या भिंगाला 140 पटीपुढं झेपत नाही. त्यापुढं चित्र नुसतं फुगतं आणि धुरकट होतं. शिवाय पृथ्वी फिरत असल्यानं ग्रह मिनिटभरात बाहेर सरकतो आणि मग, ‘काय दिसायलाच नाही बघ!’ आयपीसवरचा (डोळा लावायच्या भिंगावरचा) आकडा मोठा तितकी पट कमी, म्हणून आधी 25 मिलिमीटरचीच लावा. फाइंडर, म्हणजे नेम धरायची नळीवरची छोटी दुर्बीण, दिवसाउजेडी लांबच्या टॉवरवर जुळवून ठेवा. सूर्यावर कधीही नाही, डोळा जाईल.

गुरूचे चार मोठे चंद्र साध्या 10×50 च्या (10 पट, 50 मिलिमीटर भिंगाच्या) द्विनेत्रीतूनही दिसतात, फक्त कोपर कठड्यावर टेकवा. तीनच दिसले तर भिंग पुसत बसू नका. चौथा गुरूच्या मागं, पुढं किंवा त्याच्या सावलीत असेल. गॅलिलिओलाही 7 जानेवारी 1610 ला तीनच दिसले होते, आणि ते त्याला आधी तारेच वाटले. तो रोज चित्र काढत गेला म्हणून उलगडा झाला. तुम्हीही वहीत ठिपके मांडा. त्यातला सगळ्यात आतला चंद्र आयो साधारण साडेबेचाळीस तासांत फेरी पुरी करतो, त्यामुळं दोन-तीन तासांतही त्याची जागा बदललेली कळते. चारही चंद्र जवळपास एका रेषेत असतात. रेषेपासून बराच बाजूला असलेला ठिपका बहुधा मागचा तारा.

मंगळाचे चंद्र शोधण्यात रात्र घालवू नका, फोबॉस जेमतेम 22 किलोमीटरचा आहे. बुध-शुक्राला चंद्रच नाहीत. शुक्र कोरीसारखा दिसला तर फोकस बिघडलेला नाही, त्यालाही कला असतात. आणि घरातल्या आजोबांनी ‘राहू दाखव’ म्हटलं तर सांगा की तो गोळा नव्हे, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं छेदते तो बिंदू आहे.

शनीची कडी बारीक वाटतात म्हणून दुकानदाराशी भांडणारेही आहेत. मार्च 2025 मध्ये ती पृथ्वीवरून अगदी कडेनं दिसण्याच्या स्थितीत होती, आता 2032 पर्यंत हळूहळू उघडत जातील. शनीजवळचा अंधूक ठिपका त्याचा सगळ्यात मोठा चंद्र टायटन असू शकतो.

ग्रह बघायला जांबोटी-चोर्लाचा अंधार गाठायची गरज नाही. अंधार हवा तो तेजोमेघांना. ग्रह बेळगावात टिळकवाडीच्या दिव्यांतही झकास दिसतात. त्यांना हवी स्थिर हवा. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी वाफा सोडत असतो, त्यावरून बघितलं की गुरू थरथरतो. उशिरा बघा, किंवा अंगणात मातीवर उभे राहा. दुर्बीणही अर्धा तास आधी बाहेर ठेवा.

खरं नुकसान मात्र पावसाळ्यात होतं. खानापूरच्या दमट हवेत बंद खोक्यातल्या भिंगावर बुरशी धरते. जूनच्या आधी सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा, पुड्या ओलावल्या की बदला. आणि भिंगावरची धूळ पंचानं पुसू नका, हवा मारायच्या रबरी फुग्यानं उडवा.