आरची ऑनलाइन कार्यशाळा: या चुका टाळा

तीन दिवस, रोज दोन-अडीच तास, पडद्यावर आर स्टुडिओ आणि समोर चाळीस-पन्नास पीएचडी-एमएस्सीचे विद्यार्थी. आर (R) या संख्याशास्त्रीय विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरच्या अशा कार्यशाळा आता नेहमीच्या झाल्या आहेत. प्रमाणपत्र सगळ्यांनाच मिळतं, पण स्वतःच्या डेटावर एक तरी विश्लेषण नीट करून उठणारे थोडेच. अडचण बहुतेक वेळा संख्याशास्त्रात नसते. ती फाइलीत, फोल्डरात आणि एक्सेलच्या रकान्यांत असते, आणि तिकडेच सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

पहिला दिवस इन्स्टॉल करण्यातच जातो

आर आणि आर स्टुडिओ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणित आर करतो, आर स्टुडिओ ही त्याच्यासमोर बसून काम करायची जागा. बरेच जण फक्त आर स्टुडिओ उतरवून घेतात आणि मग काहीच चालत नाही. आधी क्रॅनवरून (आरच्या अधिकृत साइटवरून) आर, मग पॉझिटच्या साइटवरून आर स्टुडिओ, हा क्रम ठेवा. (आर स्टुडिओ बनवणाऱ्या कंपनीनं २०२२ मध्ये पॉझिट हे नाव घेतलं. जुन्या पीडीएफमध्ये आधीचं नाव दिसेल.)

हे काम कार्यशाळेच्या तीन दिवस आधी संपायला हवं, आणि ‘झालं सर’ या उत्तरावर विसंबू नये. सगळ्यांना चार ओळींची स्क्रिप्ट पाठवा: लागणारी पॅकेजेस (आरला जोडायची जादा फंक्शनं) लोड करायची आणि एक आलेख काढायचा. त्या आलेखाचा स्क्रीनशॉट आला, तरच इन्स्टॉल झालं असं धरा.

पॅकेज घेताना विंडोजवर दोन प्रश्न येतात आणि दोन्हीला लोक घाबरतात. वैयक्तिक लायब्ररी बनवू का, याला ‘हो’ म्हणा. पॅकेज सोर्समधून कंपाइल करू का, याला ‘नाही’ म्हणा. तिथे ‘हो’ म्हटलं आणि कंपाइल करायला लागणारं आरटूल्स नसलं, तर लाल ओळींची रांग लागते आणि पॅकेज येतच नाही. महाविद्यालयाच्या संगणकावर इन्स्टॉल करायची परवानगी नसेल, तर त्या विद्यार्थ्याचं पॉझिट क्लाउडवर खातं आधीच उघडून ठेवा. ते ब्राउझरमध्ये चालतं.

‘सर, माझं अडकलंय’

ऑनलाइन वर्गात शेजारी डोकावता येत नाही, म्हणून ही तीन दुखणी ओळखून ठेवावीत.

कन्सोलमध्ये (आज्ञा चालतात त्या खिडकीत) नेहमीच्या टोकदार खुणेऐवजी अधिकचं चिन्ह दिसतंय आणि काहीही टाइप केलं तरी उत्तर येत नाही: कुठेतरी कंस किंवा अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलंय. कन्सोलमध्ये क्लिक करून एस्केप दाबा, ओळ दुरुस्त करा, पुन्हा चालवा.

कोड अगदी सरांसारखाच आहे, तरी एरर येतेय: तो बहुधा वर्डमधून किंवा स्लाइडवरून कॉपी केलेला असतो. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करून टाकतं आणि आरला ती कळत नाहीत. म्हणून कोड कधीही वर्डमध्ये पाठवू नका, स्क्रिप्टची फाइलच पाठवा.

फाइल सापडत नाही: विंडोजमधून कॉपी केलेल्या पत्त्यात उलट्या तिरक्या रेघा असतात. त्यातली ‘युझर्स’च्या आधीची रेघ आणि यू हे अक्षर मिळून आरला युनिकोडची खूण वाटते, म्हणून तो भलतीच एरर देतो. रेघा सरळ करून काम भागतं, पण खरा उपाय म्हणजे पहिल्याच तासाला आर स्टुडिओमध्ये नवा प्रोजेक्ट उघडायला लावणं. डेटा त्याच फोल्डरात ठेवला की नुसतं फाइलचं नाव पुरतं.

एरर येत नाही, पण उत्तर चूक असतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण ही चूक थेट प्रबंधात जाते. कृषी प्रयोगाचं साधं उदाहरण घेऊ: यादृच्छिक गट रचना, आठ ट्रीटमेंट (तुलना करायचे उपचार), तीन रेप्लिकेशन (प्रत्येकाची पुनरावृत्ती), म्हणजे २४ प्लॉट. विद्यार्थी एक्सेलमध्ये ट्रीटमेंटच्या रकान्यात १ ते ८ आणि रेप्लिकेशनच्या रकान्यात १ ते ३ लिहितो. आरला ते आकडे दिसतात. आठवी ट्रीटमेंट पहिलीच्या आठपट आहे असं समजून तो आकड्यांमधून एक सरळ रेघ ओढतो आणि अनोव्हाचा (गटांच्या सरासरींतला फरक तपासण्याच्या पद्धतीचा) तक्ता निमूटपणे छापतो. कदाचित फरक लक्षणीय असल्याच्या तीन चांदण्यांसकट.

तक्त्यातला डीएफचा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, स्वातंत्र्यमात्रा) रकाना बघा. ट्रीटमेंटचा डीएफ ७, रेप्लिकेशनचा २, एररचा (इथे एरर म्हणजे उरलेला, कारण न सांगता येणारा फरक) १४ आणि एकूण २३ हवा. इथे ट्रीटमेंटला १, रेप्लिकेशनला १ आणि एररला २१ दिसतो. ट्रीटमेंटमधला उरलेला फरक एररमध्ये जाऊन पडला, त्यामुळे एफ (ट्रीटमेंटच्या फरकाचं एररशी गुणोत्तर) चुकला आणि एररवरून काढलेला सीडीही (दोन सरासरींत किमान किती फरक हवा तो आकडा) चुकला. इतकंच नाही, ट्रीटमेंटचे क्रमांक अदलाबदल केले तर निष्कर्षही बदलेल.

उपाय एका ओळीचा आहे: विश्लेषणाआधी दोन्ही रकान्यांना फॅक्टर करा, म्हणजे हे आकडे नसून गटांची नावं आहेत असं आरला सांगा. नोंदवहीपासूनच ट्रीटमेंटच्या क्रमांकाआधी टी (T) आणि रेप्लिकेशनच्या क्रमांकाआधी आर (R) हे अक्षर लावायची सवय असेल, तर हा घोटाळा मुळातच होत नाही. शिकवणाऱ्यांनी एक नियम घालून द्यावा: पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) वाचण्याआधी डीएफ हातानं मोजायचा.

उलटा अपघातही होतो. नत्राच्या मात्रा हेक्टरी ०, ५०, १०० आणि १५० किलो अशा फॅक्टर करून ठेवल्या आणि पुढे त्यांचं थेट संख्येत रूपांतर केलं, तर आर १, २, ३, ४ देतो. हे मात्रांचे नाही, पातळ्यांचे क्रमांक. आधी मजकुरात आणि मग संख्येत, असं दोन टप्प्यांत रूपांतर करा.

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

सरासरी काढली आणि उत्तर एनए (नोंद उपलब्ध नाही) आलं, की पुष्कळ जण घाईनं रिकाम्या जागी शून्य भरतात. प्लॉटचं उत्पन्न शून्य निघणं आणि त्याची नोंदच न होणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रकाना रिकामाच ठेवा आणि सरासरीच्या फंक्शनला एनए वगळायला सांगा. ‘गैरहजर’, ‘नाही’, ‘-’ असं एकाही घरात लिहिलं, तर अख्खा रकाना मजकूर बनतो.

मराठी प्रश्नावलीतून आलेल्या डेटात आणखी एक गोष्ट दिसते. वय मराठी कीबोर्डवर देवनागरी अंकांत टाइप केलेलं असतं आणि आर ते संख्या म्हणून वाचत नाही. एक्सेलमध्ये फाइंड-रिप्लेसनं दहाही अंक बदलून घ्या. गावांची नावं मराठीत असतील तर फाइल साध्या सीएसव्हीत सेव्ह करू नका, नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा.

दोन सॉफ्टवेअर, दोन उत्तरं

टी-टेस्टचा (दोन गटांच्या सरासरींच्या तुलनेचा) डीएफ १७.६ असा दशांशात आला म्हणून गडबडून जाऊ नका. दोन्ही गटांचं प्रसरण (व्हेरियन्स) सारखं असल्याचं आर गृहीत धरत नाही, तो असमान प्रसरण चालणारी वेल्चची पद्धत वापरतो. एसपीएसएस हे दुसरं सॉफ्टवेअर प्रसरण सारखं धरणाऱ्या आणि न धरणाऱ्या अशा दोन्ही पद्धतींची उत्तरं दोन ओळींत देतं, म्हणून जुळवताना खालची ओळ बघा. गटांतली निरीक्षणं असमान असतील तर अनोव्हातही फरक पडतो: आरमध्ये घटक कोणत्या क्रमानं लिहिले यावर उत्तर ठरतं, एसपीएसएसमध्ये नाही.

तिसरा दिवस आयरिसवर घालवू नका

आरसोबतच सरावासाठी येणारा १५० फुलांचा आयरिस डेटा स्वच्छ आहे, त्यात काही चुकतच नाही, म्हणूनच तो पहिल्या दिवसापुरता ठीक. तिसऱ्या दिवशी प्रत्येकानं स्वतःची एक फाइल आणावी. आठ-दहा जणांमागे एक मदतनीस आणि एक ब्रेकआउट रूम (मीटिंगमधली वेगळी छोटी खोली) ठेवा, म्हणजे एकाच्या एररपायी बाकीचे ताटकळत नाहीत. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी तुटते, तेव्हा खातं आधी तपासा.

उठण्याआधी सगळ्यांकडून सेशन-इन्फो (आर आणि पॅकेजेसच्या आवृत्त्या छापणारं फंक्शन) चालवून घ्या आणि ते उत्तर स्क्रिप्टच्या शेवटी चिकटवायला सांगा. २०१९ मध्ये आलेल्या आरच्या ३.६.० आवृत्तीत यादृच्छिक नमुना काढायची रीत बदलली. तोच सीड (नमुना पुन्हा तसाच निघावा म्हणून द्यायचा आकडा) दिला तरी त्याआधीच्या आरवर वेगळा नमुना निघतो, आणि आवृत्ती लिहून ठेवलेली नसेल तर मार्गदर्शकांच्या संगणकावर तेच उत्तर का येत नाही याचा शोध घेण्यात आठवडा जातो.