तबला घरचा, बाकीची वाद्यं पाहुणी

बारावीनंतर मिरजेहून पुण्याला बी.एस्सी.साठी आले तेव्हा सामानात तबल्याची जोडी, दोन चुंबळी, हातोडी आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या मध्यमा पूर्ण परीक्षेचं प्रमाणपत्र होतं. विषय संख्याशास्त्र. राहायला सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत चौघी. पहिल्या दोन वर्षांत मी ढोल-ताशा पथकात गेले, कॉलेजच्या बँडमध्ये कहोनवर (वर बसून हाताने वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य) बसले, भावगीतांच्या एका ग्रुपला तबला आणि कुणी नसेल तेव्हा पेटीही वाजवली. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर हाताशी काय उरलं होतं? एका विषयात एटीकेटी, उजव्या मनगटाला पट्टा आणि न देता आलेली विशारद प्रथमची, म्हणजे मध्यमानंतरची परीक्षा. आता तिसरं वर्ष संपत आलंय, वाजवणं सुरू आहे आणि विषयही सुटलाय. यंदा तुमच्यापैकी बरेच जण वाद्य घेऊन नव्या शहरात येतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी वर्ष समजून घ्या. पुण्यात वाजवणाऱ्या विद्यार्थ्याचं वर्ष जूनपासून सुरू होतं. जून-जुलैत पथकांचे सराव लागतात, रोज संध्याकाळी दोन-तीन तास. ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांच्या तालमी असतात आणि त्यांना पार्श्वसंगीत लागतं. मग गणपती, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट. याच तीन-चार महिन्यांत कॉलेजच्या अंतर्गत चाचण्या होतात आणि दिवाळीच्या आगेमागे सत्र परीक्षा येते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव, आणि तो ऐकायला जायचंच असतं. नव्या वर्षात फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची धावपळ. म्हणजे ऑगस्टपासूनचे महिने संगीतानेही भरलेले आणि अभ्यासानेही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जूनमध्ये सगळं रिकामं दिसतं, म्हणून आपण सगळ्यांना हो म्हणतो, आणि त्या एकेका होकाराची तारीख सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येऊन पडते.

आता मी जूनमध्ये भिंतीवर मोठं कॅलेंडर लावते. पहिल्यांदा कॉलेजच्या परीक्षा लाल शाईने, मग गांधर्वची परीक्षा, आणि उरलेल्या जागेत ग्रुप. पंचाहत्तर टक्के हजेरीचा हिशेबही तिथेच. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी मिळेल असं टीममधले सीनियर सांगतात, पण विभागप्रमुखांचं पत्र हातात पडेपर्यंत ती मिळाली असं धरू नका.

आता मनगटाची गोष्ट. पथकात मला ढोल मिळाला. ढोल कमरेला बांधून एका हातात टिपरू (वाजवायची काठी), दुसऱ्या हाताने थाप, आणि सगळा जोर खांद्यातून आणि दंडातून. ते वाजवण्यात जो आनंद आहे तो मी नाकारणार नाही. शंभर ढोल एकदम उचलले जातात तेव्हा छातीत काहीतरी हलतं, ते कुठल्याच बैठकीत होत नाही. पण तबल्याचा हात वेगळा. तिथे बोटांची टोकं पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) चाट, लव आणि शाई या भागांवर स्वतंत्रपणे पडायला हवीत, मनगट सैल हवं. मी संध्याकाळी तीन तास ढोल वाजवून दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या हातानेच तबल्याला बसत होते. सप्टेंबरअखेर तबल्याच्या सरांना फोनवर कायदा (ठरावीक बोलांची विस्तार करायची रचना) ऐकवला तेव्हा ते थोडा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, "तिरकिट कुठं गेलं गं तुझं?" बोल वाजत होता, पण त्यातली अक्षरं एकमेकांत मिसळली होती. पुढच्या आठवड्यात मनगट सुजलं. डॉक्टरांनी तीन आठवडे दोन्ही वाद्यं बंद करायला सांगितलं आणि नोव्हेंबरची परीक्षा गेली.

पथकात जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मात्र ज्या वर्षी तबल्याची मोठी परीक्षा आहे त्या वर्षी ढोल घेऊ नका. ध्वज घ्या, टोल वाजवा, नियोजनात काम करा. पथकाला त्याही माणसांची गरज असते. आणि वाजवणार असाल तर कानात बोळे हवेतच. पहिल्या वर्षी विसर्जन मिरवणुकीनंतर दोन दिवस माझ्या कानात शिट्टी वाजत होती. तबला लावणाऱ्याचा कान गेला तर हातांचा काही उपयोग नाही.

या सगळ्यातून माझ्यापुरता एक नियम तयार झाला. एक वाद्य घरचं, बाकीची पाहुणी. घरच्या वाद्याला रोज वेळ. पाहुण्यांना त्यांच्या हंगामात, आणि तेही ती घरच्या वाद्याला काही देऊन जात असतील तरच. पेटी मला खूप देऊन गेली. तबला सोलोसाठी नगमा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवत पुन्हापुन्हा वाजणारी धून, धरायला शिकले तेव्हा पहिल्यांदा कळलं की सोळा मात्रांचं आवर्तन दुसऱ्या बाजूने कसं दिसतं. त्रितालाचा नगमा सलग वीस मिनिटं लय न हलवता वाजवून बघा. तबलजी तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणं) घेताना नगमावाल्याचा जीव कसा टांगणीला लागतो ते कळतं, आणि मग आपण तबल्यावर बसल्यावर त्याला अडचणीत टाकत नाही. शिवाय गाणं शिकणाऱ्या मुलींना साथीला कुणी ना कुणी हवंच असतं, तेव्हा पेटी येत असेल तर ओळखी लवकर होतात. फक्त कान पेटीवर तयार करू नका. पेटीचे सूर ठरलेले असतात, श्रुतीप्रमाणे हलत नाहीत. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली त्यामागे हा एक मोठा आक्षेप होता आणि ती सैल व्हायला तीस वर्षं लागली. आज पेटीशिवाय मैफल दिसत नाही, तरी तबला लावताना मी तानपुऱ्याचाच षड्ज घेते. मोबाइलवरचा तानपुरा चालतो.

कहोनने मला उलट बाजूने शिकवलं. बँडमध्ये सगळे एक-दोन-तीन-चार मोजतात, आणि मला सवय टाळी-खालीची, म्हणजे टाळी देऊन आणि हात मोकळा सोडून ताल मोजायची. सुरुवातीला मी प्रत्येक चौथ्या ओळीला काहीतरी सजवत होते. आमचा गिटारवाला एकदा शांतपणे म्हणाला, "तू फक्त धरून ठेव, आम्ही त्यावर उभे आहोत." साथ म्हणजे काय ते मला तिथे समजलं, भावगीतांच्या ग्रुपमध्ये नाही. ठेका स्वच्छ धरणं हेच मोठं काम आहे, आणि नवख्या तबलजीला ते सगळ्यात कंटाळवाणं वाटतं.

बँडमध्ये तबला घेऊन जाणार असाल तर पट्टीची, म्हणजे कुठल्या सुराला षड्ज धरायचा याची, बोलणी पहिल्याच दिवशी करा. गिटारवाल्यांना ई, ए, डी, जी अशा पट्ट्या सोयीच्या पडतात, आणि तुमचा तबला काळी एकचा, म्हणजे सी शार्पचा असतो. तो ओढून ओढून वर न्यायला गेलात तर पुडी फाटेल. गिटारच्या चौथ्या घरावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ए-चा आकार धरला की काळी एक मिळते. हे एकदा सांगितलं की वाद मिटतो. भावगीतांना एक जास्तीचा तबला लागतोच. गायक काळी एक, काळी दोनला गात असेल तर लहान तोंडाचा, गायिका काळी चार-पाचला गात असेल तर मोठ्या तोंडाचा. नव्या मुलांना हे उलटं वाटतं, कारण गायिकेचा आवाज उंच असतो. पण तबल्याचं तोंड जितकं मोठं तितका त्याचा सूर खाली, आणि काळी एकच्या खालची काळी चार मिळवायला मोठंच तोंड हवं. दुसरा तबला विकत घ्यायची घाई करू नका. मी दोन वर्षं क्लासमधल्या एका ताईंचा वापरला आणि त्याबदल्यात त्यांच्या विद्यार्थिनींना नगमा धरला.

पावसाळ्यात पुडी ओल धरते आणि सूर उतरतो. कार्यक्रमाला जाऊन तिथे दहा मिनिटांत तबला लागेल असं समजू नका. किमान तासभर आधी पोचा, वाद्य उघडून ठेवा, सभागृहाची हवा त्याला लागू द्या. मंचावरचे दिवे लागले की सूर पुन्हा चढतो, म्हणून हातोडी शेजारीच असू दे.

आता रियाज. कॉट बेसिसच्या खोलीत रात्री तबला वाजवता येत नाही आणि वाजवूही नये, शेजारी झोपलेल्या मुलीचा सकाळी पेपर असतो. मी पहिल्या सत्रात या कारणाने रियाज जवळजवळ सोडून दिला होता. दुसऱ्या सत्रात कॉलेजच्या शिपाईकाकांना विचारलं. ते पावणेसातला येऊन वर्ग उघडतात. "काका, मागच्या वर्गात चाळीस मिनिटं बसू का?" एवढंच. ते म्हणाले, "बस की, पण साडेसातला झाडायला येणार मी." ती चाळीस मिनिटं आजपर्यंत सुरू आहेत. पहिली दहा एकच बोल अगदी ठाय, म्हणजे संथ लयीत, पुढची वीस एक कायदा आणि त्याचे पलटे (त्याच बोलांची उलटसुलट मांडणी), शेवटची दहा परीक्षेच्या अभ्यासक्रमातलं जे कच्चं असेल ते. रविवारी दोन तास. शनिवारी रात्री सलग पाच तास बसून भरपाई होते असं मला वाटायचं, तसं होत नाही. हाताला रोजची आठवण लागते.

वाद्य जवळ नसतं तेव्हा पढंत. बसमध्ये, मेसच्या रांगेत, हातावर टाळी-खाली देत बोल म्हणायचे. झपतालाची तिगुन म्हणजे दहा मात्रांत तीस अक्षरं, ती तोंडात बसली नसेल तर हातात येत नाही. लेखी पेपरला तालाची दुगुन, तिगुन, चौगुन लिपीत लिहायची असते, त्याचा अर्धा अभ्यास असाच होतो. बसमधले लोक बघतात. बघू दे.

आणि ज्यांना वाटतं की संख्याशास्त्र किंवा इंजिनिअरिंग एकीकडे आणि संगीत दुसरीकडे, त्यांच्यासाठी एक गणित. त्रितालात समेपासून उचलून पुढच्या समेवर येणारी दमदार तिहाई बांधायची असेल तर एकूण सतरा मात्रा लागतात, कारण शेवटचा धा पुढच्या समेवर पडतो. तुकडा तीनदा, मधला दम (थांबा) दोनदा. पाच मात्रांचा तुकडा घेतला तर पंधरा झाल्या, उरल्या दोन, म्हणजे एकेक मात्रेचा दम. तीन मात्रांचा तुकडा घेतला तर नऊ, उरल्या आठ, म्हणजे चार-चार मात्रांचा दम. सातव्या मात्रेपासून उचलायची असेल तर आकडा बदलतो, पण रीत तीच. मी पहिल्यांदा हे वहीच्या मागच्या पानावर मांडलं तेव्हा संभाव्यतेच्या तासाला बसले होते, आणि दोन्ही वह्या एकच करून टाकाव्यात असं वाटलं. माझ्या एटीकेटीच्या विषयाची भीती तिथपासून कमी होत गेली.

पैशाबद्दल आधी बोला. हौशी असणं म्हणजे फुकट वाजवणं नव्हे. मी सुरुवातीला प्रवासखर्चही मागत नव्हते आणि रात्री अकराला डग्गा मांडीवर घेऊन रिक्षाने स्वतःच्या पैशाने येत होते. आता फोनवरच विचारते, मानधन काय, येण्याजाण्याची सोय काय, किती तालमी. तालमींचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण कार्यक्रम दोन तासांचा असतो आणि तालमी वीस तासांच्या. शिष्यवृत्त्याही बघा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दरमहा 5000 रुपये, दोन वर्षं. लहान भावंडं शिकत असतील तर त्यांच्यासाठी 10 ते 14 वयोगटाची सीसीआरटीची (सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंग) आहे. आणि दोन दगडांवर पाय ठेवायचाच नसेल, संगीतच पूर्णवेळ शिकायचं असेल, तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. मी तिकडे का गेले नाही असं मला विचारतात. मला संख्याशास्त्रही मनापासून आवडतं, हे एवढंच उत्तर आहे.

नाही म्हणणं मात्र मला अजून जड जातं. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये भावगीतांच्या ग्रुपला दिवाळी पहाटेसाठी हो म्हणून ऑक्टोबरमध्ये माघार घेतली होती. ज्या दादांनी मला पहिल्यांदा मंचावर बसवलं त्यांनाच दहा दिवसांत दुसरा तबलजी शोधावा लागला. ते रागावले नाहीत, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. यंदा जूनमध्येच त्यांना फोन केला. म्हटलं, "दादा, दिवाळीपर्यंत मी नाही. नोव्हेंबरमध्ये विशारद आहे. डिसेंबरनंतर हवं तिथे येते." ते म्हणाले, "बरं झालं आत्ता सांगितलंस. मग पेटीला कोण येईल तेवढं सुचव." मी पहिल्या वर्षाच्या एका मुलीचं नाव दिलं. साताऱ्याची आहे, पेटी छान वाजवते, पट्ट्या अजून चुकतात. दर बुधवारी सकाळी ती माझ्या वर्गात येऊन नगमा धरते, साडेसातला काका झाडू घेऊन येईपर्यंत.